मुंजाजीची ट्रायल

बॉनेटवर कोंबडी बसली होती आणि डॉक्टर तिला हाकलू देत नव्हते.

"हात लावू नकोस वंदना! दचकून उडाली की नखं ओढते ती. रंगाला ओरखडा येईल."

"मग करायचं काय?"

"आपली आपण उतरेल. रोज उतरते."

म्हणून आम्ही दोघं उन्हात उभे. मी परभणीतली मोटर सर्व्हेअर, आणि हे दातांचे डॉक्टर, ज्यांच्या खुर्चीत अर्धी परभणी तोंड उघडून बसून गेली. समोर त्यांची लालभडक विलायती स्पोर्ट्स कार. छप्पर नाही, सीटा दोनच. हैदराबादला शिकत असताना डॉक्टरांनी ही गाडी पाहिली होती आणि तेव्हापासून ती त्यांच्या डोक्यात बसली होती. रिटायर झाल्यावर शोधून काढली, ट्रकवर घालून आणली, अंगणात उतरवली. उतरवल्यापासून ती वीतभरही हलली नव्हती.

कोंबडी उतरली. जाताना ड्रायव्हरच्या सीटवर आपली आठवण ठेवून गेली.

तेवढ्यात काकू, म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस, बाहेर आल्या. काकू तोलूनमापून बोलत नाहीत.

"हे बघ वंदना. प्रज्ञाचं लग्न आलंय. मांडव इथंच पडणार, या धुडाच्या जागी. यांचं म्हणणं, पोरीची पाठवणी हिच्यातूनच करायची. पोरगीही बापाच्याच वळणाची, म्हणते मी चालवीन, नवरा शेजारी बसेल. ठीक. पण मांडवाआधी ही गाडी चालती झाली नाही तर भंगारवाला तयार आहे. तो येऊन बघूनही गेलाय."

डॉक्टरांचा चेहरा पडला. भंगारवाला आला तेव्हा त्यांनी म्हणे गाडीवर चादर टाकली होती.

"चालेल काकू, मेकॅनिक आणू," मी म्हटलं.

"चालायचं मला सांगू नकोस. थांबेल का ते सांग! माझी पोर बसणार आहे तिच्यात. भरवशाचा माणूस आण. तू हो म्हटलंस तर बसेल, तू नाही म्हटलंस तर विषय संपला."

"माझ्यावरच का?"

"मागं यांच्या जुन्या गाडीचा क्लेम कापलास ना? आमच्याच घरचा चहा पिऊन कापलास. तू कुणाची भीड धरत नाहीस."

मी हो म्हटलं.

आता माझं काम काय, ते सांगते. गाडी ठोकली की मालक विम्याचे पैसे मागतो, तोच क्लेम. खरं किती मोडलंय ते बघायला इन्शुरन्स कंपनी मला पाठवते. गॅरेजवाला जो अंदाजी खर्च लिहून देतो त्याला एस्टिमेट म्हणतात. धडक पुढच्या बंपरला, आणि एस्टिमेटमध्ये मागचा दिवा, चारी टायर आणि सीटकव्हर. ते कापायचं, ही माझी नोकरी. त्यामुळे लोकांना वाटतं, मला सगळे चांगले मेकॅनिक ठाऊक असतील. अहो, उलट! कोण कसा खोटं बोलतो तेवढंच मला ठाऊक. भरवशाचा मेकॅनिक शोधायचा म्हटल्यावर मला घाम फुटला.

सुरुवात सगळ्यात चकाचक गॅरेजपासून केली. तिथला हेड मेकॅनिक डॉक्टरांच्या घरी आला, टी-शर्टवर इस्त्री, हातात स्कॅनर. आजकालच्या गाडीत छोटा कॉम्प्युटर असतो. स्टिअरिंगखाली एक पोर्ट असतं, त्यात हे यंत्र खुपसलं की काय बिघडलंय ते पडद्यावर दिसतं. हा पठ्ठ्या स्टिअरिंगखाली शिरला तो बाहेरच येईना. नुसते पाय दिसत होते.

"मॅडम, पोर्ट कुठंय?"

"हिला नसतं."

"नसतं म्हणजे?"

"ही गाडी बनली तेव्हा कॉम्प्युटर ठेवायला खोली लागायची."

तो बाहेर आला, घाम पुसला आणि मनापासून म्हणाला, "मग हिला काय झालंय ते कळणार कसं?" थोडा विचार करून त्यानं तोडगा काढला. आतलं इंजिन काढून टाकायचं, एखाद्या नव्या छोट्या गाडीचं बसवायचं. लाल रंग तोच ठेवू म्हणाला.

डॉक्टर उखडले. "तुझा दात दुखला तर मी तुझं डोकंच बदलू का रे?"

दुसरा मेकॅनिक स्टेशनकडचा. मला रस्त्यावर बघितलं की हा शटर अर्धं खाली ओढतो, एवढी आमची ओळख. या वेळी मी गोड बोलून त्याला घेऊन आले. त्यानं गाडीभोवती शांतपणे चक्कर मारली. डॉक्टर चहाचं सांगायला आत गेले तसा माझ्या जवळ सरकला.

"मॅडम, कुठून ठोकायची?"

"काय?"

"गाडी हो. समोरून ठोकली तर इंजिनाचं सगळं क्लेममधी बसतंय. मागून ठोकली तर न्हाई बसत. तुमी म्हणाल तशी ठोकू."

अगं बाई! याला वाटलं, मॅडम आयुष्यात पहिल्यांदा लाइनीवर आल्या. चेहऱ्यावर काय तो सेवाभाव! मी त्याला असं झापलं की चहा न पिताच पळाला. जाता जाता फाटकापाशी थांबून म्हणाला, "तरी इचार करा."

मग राहिला मुंजाजी.

मुंजाजीचं गॅरेज पेडगावच्या बाजूला, वर पत्रे, समोर लिंबाचं झाड. जुन्या पेट्रोल जीपवर हात बसलेला माणूस. आम्हा दोघांचं पटत नाही. त्याच्या एस्टिमेटमध्ये मला कापायला काही सापडत नाही, आणि खरं सांगते, त्याचा मला राग येतो. वर तोंडाळ. "मॅडम, आज बी कात्री रिकामीच का?" असं चारचौघांत विचारतो.

पण त्याच्याकडे न जायचं खरं कारण वेगळं. त्याची ट्रायल. दुरुस्ती झाली की मेकॅनिक गाडी रस्त्यावर काढून बघतो, त्याला ट्रायल म्हणतात. इकडून तिकडे एक चक्कर, झालं. मुंजाजी सकाळी ट्रायलला गेला की दुपारपर्यंत येत नाही. एका सरपंचाची जीप म्हणे ट्रायलच्या नावाखाली बारशाच्या पंगतीला दिसली होती. आमच्याकडे म्हणतातच, मुंजाजीची ट्रायल आणि रस्त्याचं काम, कधी संपेल सांगता येत नाही.

पण अडला हरी! गेले.

"जयभीम मॅडम! आज हिकडं कुणीकडं? मी तर कुणाची गाडी ठोकली न्हाई."

सगळं सांगितलं. तो डॉक्टरांकडे आला. इंजिनाकडे त्यानं बघितलंही नाही. दार उघडलं, कोंबडीची जागा सोडून बसला आणि पायानं ब्रेक दाबला. पेडल थेट खाली टेकलं.

"आदी बिरेक. इंजिनाचं मागून बगू," तो म्हणाला.

ब्रेक दाबला की नळीतलं तेल चाकांपर्यंत जोर पोचवतं. तिथं आत रबराच्या वाट्या असतात. त्या कुजल्या की तेल गळतं आणि पेडल नुसतं खाली जातं. मेकॅनिक मंडळी आधी इंजिन चालू करून दाखवतात, कारण आवाज आला की गिऱ्हाईक खूश. यानं आधी ब्रेक म्हटलं. मला बरं वाटलं, पण मी ते तोंडावर दाखवलं नाही.

"एक सांगतो, डॉक्टरसाब," मुंजाजी म्हणाला, "ट्रायल झाल्याबिगर गाडी देणार न्हाई. आन् ट्रायल माझ्या पद्धतीनं. मधी कुणी बोलायचं न्हाई."

"एकच चक्कर," मी बजावलं.

त्यानं सीटांकडे बघितलं. "दोनच शिटा हायत. बगू."

तेव्हाच माझ्या डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती.

गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पेडगावकडे निघाली. डॉक्टर तिच्यात गॉगल लावून बसले. उतरा म्हटलं तर उतरेनात. बसस्टँडजवळ लोक हात करायला लागले तसे तेही हात करायला लागले. वरात म्हणजे वरातच!

मुंजाजीनं काम लांबवलं. रबरं हैदराबादहून मागवली, आलेली मापाची नव्हती म्हणून परत केली, पुन्हा मागवली. कार्बुरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलून धुऊन बसवला. डॉक्टर रोज तिथं जाऊन बसत आणि रोज शिव्या खाऊन परत येत. हळदीच्या आदल्या संध्याकाळी फोन आला की इंजिन चालू झालंय, सकाळी ट्रायल, दुपारच्या आत गाडी दारात.

हळदीची दुपार झाली. अंगणात मांडव उभा, मधोमध गाडीपुरती जागा रिकामी. गाडीचा पत्ता नाही. मुंजाजीचा फोन बंद.

काकू त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाल्या, "तुझा भरवशाचा माणूस का हा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्कूटी काढली. मागे डॉक्टर बसले. दोन्ही गालांना हळद, वधूपिता ना! गॅरेजला कुलूप. समोरच्या चहावाल्याला विचारलं.

"लाल गाडी? सकाळीच गेली की. शेजारी म्हातारी व्हती बसलेली."

"कुठे गेली?"

"गेली, आली, परत गेली. आता पोखर्णीच्या रस्त्याला."

पोखर्णीच्या रस्त्यावर रसवंतीवाली म्हणाली, "म्हातारी? न्हाई बा. धोतरवाले बाबा व्हते. मघाशी दुसरी बाई व्हती, हिरवं लुगडं." पुढं पंक्चरवाला म्हणाला, त्यानंही एक बाई पाहिली, पण तिचं लुगडं निळं होतं.

डॉक्टर मागून ओरडले, "काळीपिवळी केली माझ्या गाडीची! सीटा भरून फेऱ्या मारायलाय तो!"

मीही मनातल्या मनात त्याला सोलत होते. राग मुंजाजीचा कमी, माझा जास्त. अख्ख्या जिल्ह्याचं खोटं पकडणारी बाई, आणि काकूंच्या घरच्या लग्नात मीच हा माणूस आणून ठेवला.

पोखर्णीला नरसिंहाच्या देवळाजवळ गाडी दिसली. झाडाखाली उभी, चकचकीत पुसलेली. शेजारच्या सीटवर निळ्या लुगड्यातली आजीबाई, मांडीवर नारळ. मुंजाजी चाकापाशी उकिडवा बसून हातानं चाक चाचपत होता, तापलंय का ते बघायला.

"मुंजाजी!" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "लाज वाटते का? माझ्या पोरीची हळद खोळंबलीय!"

"झालंच, डॉक्टरसाब. ह्या शेवटच्या. ह्या सासूबाई."

"तुझ्या सासूबाई माझ्या गाडीत कशाला?"

"ट्रायल!" त्याला आमचंच नवल वाटलं. "दुसऱ्याचं लेकरू बसवायचं म्हंजी आदी आपलं माणूस बसवून बगावं लागतंय. भरधाव न्यायची आन् कचकन् बिरेक मारायचा. ज्या गाडीत मी माझी माय बसवत न्हाई ती गाडी मी गिऱ्हाइकाला देत न्हाई. जीप असली की सगळे एका चकरेत व्हतेत. हिला दोनच शिटा! एकेकाला न्यावं लागलं. माय झाली, बाप झाला, बायकू झाली. सासूबाई रुसल्या, मला का न्हाई म्हणून. मी काय करू?"

डॉक्टर म्हणाले, "सासूला बसवलं, हा काही पुरावा होत नाही."

"म्हणून तर माय आदी बसवली," मुंजाजी म्हणाला.

सासूबाईंनी आमच्याकडे बघून कपाळाला हात लावला. "बया बया! पळती किती ते मला ठाव न्हाई, डोळे मिटले व्हते. पर थांबती लय! माझी तंबाखू समूरच्या काचंवर गेली बगा."

काचेवर खरंच तंबाखू होती. इतक्या वर्षांत एवढा साफ ब्रेक टेस्टचा पुरावा मी बघितला नव्हता. तरी मी स्वतः स्टिअरिंगवर बसले, मोकळ्या रस्त्यावर पळवली आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी. मला इतका आनंद झाला की मी मुंजाजीला शिव्याच दिल्या, फोन का बंद ठेवला म्हणून. "बिरेक मारताना वाजला तर ध्यान जातंय," तो म्हणाला. तेही बरोबर.

काकूंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"पहिल्यांदा कुणाला बसवलं त्यानं?"

"आईला, काकू."

काकू म्हणाल्या, "आण गाडी. आणि त्याच्या घरच्या सगळ्यांना जेवायला आण."

गाडी अंगणात आली. मांडवातल्या बायका ताटं सोडून उठल्या. प्रज्ञा हळदीच्या अंगानं धावत सुटली. काकूंनी तिचा दंड धरला.

"थांब गं. आधी मी."

पदर खोचला आणि डॉक्टरांच्या शेजारी जाऊन बसल्या. डॉक्टरांनी गॉगल चढवला. उन्हासाठी नव्हे हो, त्या माणसाला रडू येत होतं. गाडी फाटकाबाहेर पडली. गल्लीच्या टोकाला ब्रेक कचकन् वाजला आणि काकूंचं "अगं आई गं!" अंगणापर्यंत ऐकू आलं. मग त्यांचं हसणंही ऐकू आलं.

आम्हाला वाटलं आता वळतील. आवाज लांब लांब गेला. हळद वाळायला लागली, करवल्या जांभया द्यायला लागल्या. मी रस्त्यावर जाऊन बघून आले. कुणी नाही.

मुंजाजी पंगतीत बसून शांतपणे जिलेबी खात होता. म्हणाला, "ट्रायल हाय मॅडम. येळ लागतोच."

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा त्याच गाडीतून गेली, स्वतः चालवत. भंगारवालाही जेवायला होता. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तो बिचारा तिच्याकडेच बघत होता.

आता मी कुठल्याही गॅरेजमध्ये गेले की एस्टिमेट हातात घ्यायच्या आधी विचारते, "ट्रायलला घरचं कोण बसवलं होतं?"

बहुतेक जण म्हणतात, मॅडम, घरच्यांना वेळ नसतो.