केशतेलाची जाहिरात

सोलापुरात लष्करी कायदा लागला तेव्हा मी शाळेत मास्तर होतो आणि शाळा सुटल्यावर एका साप्ताहिकात मुद्रितं तपासायला जात असे. छापण्याआधी अंकाचा कागदन् कागद लष्करी कचेरीत दाखवावा लागे. तिथला कारकून मैंदर्गीकडचा, घरी कानडी बोलणारा, सभ्य माणूस. एका दुपारी त्यानं माझ्यादेखत तांबड्या शाईनं दोन ओळी खोडल्या. गिरणीचा भोंगा दोन दिवस वाजला नाही, एवढीच ती बातमी.

“अहो, पण हे साऱ्या गावाला ठाऊक आहे,” मी म्हणालो.

“ठाऊक आहे की. मग छापता कशाला?”

त्याचं बरोबर होतं की माझं, तेच मला कळेना.

संपादकांनी ती जागा कोरीच ठेवली. कागद परत आला. कोरी जागा चालणार नाही, लोक अर्थ काढतील. मग फडताळात पडलेला एका केशतेलाच्या जाहिरातीचा जुना ठसा आम्ही तिथं बसवला. ‘आठ दिवसांत फरक पाहा.’ लगेच मंजुरी मिळाली.

अंक निघाला त्याच दिवशी एक गिरणी कामगार दारात आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “मास्तर, आठ दिवसांनी काय हाय?”

“काही नाही. तेल आहे ते.”

“तेल व्हय? बरं, नका सांगू. समजलं.” आणि खुशीत निघून गेला. त्याच्यामागून आणखी तिघे येऊन गेले.

दुसऱ्या दिवशी संपादकांना आणि मला कचेरीत बोलावणं आलं.

“फरक कशात पडणार?” कारकुनानं विचारलं.

“केसांत,” संपादक म्हणाले.

“तेल कुठं मिळतं?”

ते दुकान केव्हाच बंद पडलं होतं. संपादकांनी तसं खरं सांगितलं, आणि ते इतकं खोटं वाटलं की मीच मान खाली घातली. छापखान्याला कुलूप लागलं.

आठव्या दिवशी वर्गात शिकवताना मी सारखा खिडकीबाहेर बघत होतो. कशाची वाट बघत होतो, कोण जाणे. काहीच घडलं नाही.

काही आठवड्यांनी कुलूप निघालं. का लागलं आणि का निघालं, कुणी सांगितलं नाही. आता काय छापावं, असं संपादकांनी विचारलं तर कुलूप काढायला आलेला शिपाई म्हणाला, “नेहमीचंच छापा.”

संपादक टेबलाशी बसले, टाक उचलला, खाली ठेवला.

“मास्तर,” ते म्हणाले, “आपण नेहमी काय छापत होतो हो?”