करटोलीची राखण

माणसाच्या प्रगतीवर माझ्या साडूइतका रागावलेला माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधून सापडायचा नाही. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन, ठाण्याला तळमजल्यावर दोन खोल्या, टीव्हीसुद्धा रंगीत. पण गृहस्थाचं मन हजारो वर्षांमागे, माणूस कंदमुळं शोधत हिंडायचा तिथे अडकलेलं. सगळं बिघडवलं ते शेतीने. "साडूभाऊ, माणसाने दाणा पेरला आणि राखणीला बसला. तेव्हापासून त्याला सुट्टी नाही!" हे ते लग्नाच्या पंगतीत ऐकवत आणि वर पुन्हा भात मागून घेत.

पावसाळ्यात दर रविवारी ते खडवलीच्या रानात जात आणि परतताना डोंबिवलीला आमच्याकडे उतरत. टाकळा, कुरडू, करटोली, सगळ्या रानभाज्या! त्यांनी पिशवी उपडी केली की बायकोचा चेहरा जो उजळे, तो माझ्या पगाराच्या दिवशीही कधी उजळला नाही. "भाऊजींना बघा, किती माहिती!" मी गॅलरीतल्या कुंड्यांत जपलेल्या मिरच्या मात्र तिच्या मते 'बऱ्या' होत्या. मी जळायचो, अगदी मनापासून जळायचो.

एका जूनमध्ये त्यांच्या आधी मीच खडवली गाठली आणि शेवळांचे कोंब घेऊन आलो. "अहो, काकडं कुठायत? त्या आंबट फळांशिवाय घसा खाजतो," बायको म्हणाली. "आदिमानव घालायचा का काकडं?" असं म्हणून मी तशीच भाजी करायला लावली. जेवणानंतर सगळं घर खाकरत असताना साडू आले. त्यांच्या पिशवीत काकडं होती. ते हसलेसुद्धा नाहीत. "आदिमानवही असाच शिकला, साडूभाऊ," एवढंच म्हणाले. ते मला घशापेक्षा जास्त खाजलं.

पुढे श्रावणातल्या एका रविवारी ते आलेच नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत, तेव्हा बायकोने मला ठाण्याला पिटाळलं. बघतो तर साडू घरामागे स्टुलावर, हातात काठी. आदल्या वर्षी तिथे फेकलेल्या पिकल्या करटोलींचे वेल खिडकीच्या गजांवर चढून लगडले होते. त्यांनी वर मांडवही घातला होता.

"शेजारच्या शेळ्या येतात हो," ते खाली बघत म्हणाले. "रविवारी हलता येत नाही."

मी जिंकलो होतो. हसायचं मात्र राहून गेलं. त्यांनी पिशवीभर करटोली दिली, ती मी घरी आणली.

"भाऊजी येणार नाहीत आता?" बायकोने विचारलं.

"राखणीला बसलेत."

भाजी झाली. ती म्हणाली, "बरी झालीय."

पुढच्या रविवारी संध्याकाळी जिन्यात चपला वाजल्या. आम्ही दोघंही एकदम उठलो. दार उघडायला मीच आधी पोचलो. वरच्या मजल्यावरचं कोणीतरी होतं.