हातचं बिस्किट

अल्लीपुरात विहारामागच्या गल्लीत दुपारी चारच्या सुमाराला खरपूस वास सुटायचा. तो कुत्र्यांच्या बिस्किटांचा आहे, हे नव्या माणसाला सांगून पटत नसे.

कौशल्याबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. अठ्ठावीस वर्षं खिचडी शिजवून घरी बसल्या आणि रिकामा दिवस त्यांना खायला उठला. मुलगी जागृती नागपूरला नर्स. तिनं एकदा मोबाइलवर ही बिस्किटं करायची रीत दाखवली, तेवढं पुरलं. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, एक अंडं, उकडून कुस्करलेलं कोहळं. मीठ नाही, साखर नाही. औषधाच्या बाटलीच्या झाकणानं चकत्या पाडायच्या, जुन्या कुकरात वाळू घालून, शिटी आणि रिंग काढून, मंद आचेवर पाऊण तास भाजायच्या.

"माणसाले चहासंग बिस्किट भेटून नाई राह्यलं, अन् इथं कुत्र्यायची पार्टी चालू हाय," शेजारच्या शालूबाई कुंपणावरून म्हणत.

"मंग तू बी येऊन बस ना वं लायनीत. तुले काय मनाई हाय?"

लाइन खरोखरच असायची. कालू, लंगड्या, राणी आणि भुरी ओसरीखाली ओळीनं बसत. झडप घालायची नाही, दात लावायचा नाही, तळहातावरचं नुसत्या ओठांनी उचलायचं. गल्लीतली लेकरं भितात, म्हणून बाईंनी हे शिकवलं होतं. सगळ्यात जास्त वेळ भुरीला लागला. ती पिल्लू असताना कोणीतरी तिच्या अंगावर उकळतं पाणी फेकलं होतं. पाठीवर तेवढ्या जागी पुन्हा केस आले नाहीत. माणसानं हात उचलला की ती दिसेनाशी व्हायची. चार महिने कौशल्याबाई रोज तळहातावर बिस्किट ठेवून, तोंड दुसरीकडे फिरवून बसल्या. ज्या दिवशी ते ओलं नाक हाताला लागलं, त्या दिवशी त्यांनी जागृतीला फोन लावला आणि नुसत्याच रडल्या.

जानेवारीत गावाच्या खालच्या अंगाला एका बकरीचं पिल्लू कुत्र्यांनी फाडलं. कोणत्या कुत्र्यांनी, ते कोणी पाहिलं नव्हतं. आठ दिवसांनी सकाळी कालू, लंगड्या आणि राणी नाल्याकाठी मरून पडलेले दिसले. तोंडाला फेस. भुरीच्या पायात आदल्या दिवशी बाभळीचा काटा रुतला होता, म्हणून ती बाईंच्या परसात पडून होती. तेवढी वाचली.

शालूबाई धापा टाकत आल्या. "वं माय, मी पाह्यलं वं त्याले काल. फटफटीवर होता, तोंडाले दुपट्टा बांधून. बिस्किटाचा पुडा फोडून एकेकाले हातानं भरवून राह्यला होता. तिघं बी बसले होते त्याच्यापुढं, एका लायनीत. मले वाटलं, तुह्यासारखाच कोनी भला मानूस असन. म्हनून मी काई बोलली नाई."

कौशल्याबाईंचे मालक बाबाराव यांनी नाल्याकाठीच खड्डा खणला. पुरून आल्यावर हातपाय धुताना बाई त्यांना म्हणाल्या, "मीच बसवलं त्यायले लायनीत."

"तू काऊन मनाले लावून घेतं? जहर तू देल्लं का?"

"जहर त्यानं देल्लं. हातचं खायले मी शिकवलं."

आता उरली भुरी. तिला बांधून पाहिलं. दोन दिवसांत तिनं दोर कुरतडला, गळ्याला जखम करून घेतली आणि गल्लीत जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसापुढे ती मान वर करून बसलेली बाईंना दिसली. त्याच्या हातात नुसती पावती होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोहळं उकडलं, कूट घातला, अंडं फोडलं. मग डब्यातलं भिवापुरी तिखट घेतलं आणि दोन मोठे चमचे पिठात कालवलं. भाजताना दोघंही ठसकले.

"लेकराले असं कोनी चारते का वं?" बाबाराव म्हणाले. "आन इकडं, मी देतो. तुह्या हातानं नको."

"माह्याच हातानं पाह्यजे. माह्या हातचं सोडन, तवाच ती दुसऱ्यायचं सोडन."

भुरी आली. बसली. वास आलाच असेल, कुत्र्याचं नाक ते. तरी तिनं ओठांनी अलगद उचललं. हात ओळखीचा होता. चावलं मात्र, आणि ठसकली, पुढच्या पायांनी तोंड घासत स्वतःभोवती फिरली, टाक्याशी जाऊन पाणी प्यायली. आणि परत येऊन बसली, आता तरी नेहमीचं मिळेल म्हणून. कौशल्याबाईंनी दुसरं दिलं. तेही तिनं घेतलं.

असं तीन दिवस. बाई रोज नवीन भाजायच्या. त्या दिवसांत त्यांच्या स्वतःच्या ताटातली भाकर तशीच राहायची. शालूबाईंनी कुंपणाकडे येणं बंद केलं होतं.

चौथ्या दिवशी बाईंनी हात पुढे केला तशी भुरी बसली नाही. तिनं तळहाताकडे पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे. बराच वेळ पाहिलं. मग शेपूट पोटाखाली घेऊन एकेक पाऊल मागे सरकली आणि कुंपणातून बाहेर निघून गेली.

"शिकली," बाबाराव हलकेच म्हणाले.

कौशल्याबाईंनी मान हलवली. हातातलं बिस्किट चुलीत टाकलं. कटोऱ्यात भाकर कुस्करली, वर दूध ओतलं, कटोरा परसाच्या पार टोकाला ठेवला आणि आत येऊन दार लोटून घेतलं.

बऱ्याच वेळानं परसातल्या फरशीवर कटोरा घासल्याचा आवाज आला. बाबाराव उठून खिडकीकडे निघाले, तसा बाईंनी त्यांचा हात धरला.

"पाहू नका जी. पाह्यलं तर पळन."