भावजींच्या यंत्रांतला दोष

आमच्या घरात बिघडलेली वस्तू एकही नाही आणि धड चालणारीही नाही. याचं सगळं श्रेय माझ्या धाकट्या दिरांना. भावजी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहेत, वय एकोणपन्नास, राहतात एकटेच, आमच्यापासून दोन रस्ते सोडून. लग्नाचं काय, असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, जसं काही दुकानातून मीठ आणायचं राहून गेलं. माझी मुलगी त्यांना चार्जरकाका म्हणते. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत आजवर निघालेल्या प्रत्येक यंत्राचा चार्जर असतो, फक्त आपल्याला हवा असतो तेवढा सोडून.

भावजींचे छंद दोन. बाजारात नवीन येईल ते यंत्र घरी आणणं, आणि संगीत महोत्सवाला जाणं. त्यांना विचाराल तर ते म्हणतील छंद एकच आहे. यंत्रं घ्यायची ती गाणं नीट ऐकू यावं म्हणून, आणि महोत्सवाला जायचं ते गाणं खरोखर तसंच वाजतं का हे पडताळायला. शहराबाहेरच्या मोठ्या मैदानावर दरवर्षी तीन दिवस हा महोत्सव भरतो. एकोणीस वर्षांत भावजींनी एकही चुकवलेला नाही. आत सोडताना मनगटाला बांधतात ते कापडी पट्टे त्यांनी कपाटातल्या दांडीला ओळीने बांधून ठेवलेत. मग शर्ट कुठे अडकवता, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "खुर्ची आहे ना."

नवं आलं की जुनं आमच्याकडे येतं. जुनं म्हणजे सात-आठ महिन्यांचं. द्यायला स्वतः येतात, बसवून देतात, चहा घेतात आणि त्या वस्तूचा ताबा काही सोडत नाहीत. स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर अजून त्यांचंच खातं आहे. मी भांडी आवरताना माझी जुनी गाणी लावली की पाच मिनिटांत फोन.

"वहिनी, काय लावलंय तुम्ही? माझी सगळी यादी बिघडली. काल कामावर जाताना मला त्याने तीन रडकी गाणी सुचवली."

"मग तुमचं खातं काढा ना यातून."

"काढतो. या रविवारी नक्की."

असे शंभर रविवार तरी गेले असतील. बैठकीतल्या दिव्यांचीही तीच तऱ्हा. ते फोनवरूनच लावायचे. भिंतीवरचं बटण कुणी दाबलं की दिवे रुसतात आणि पुन्हा जोडायला भावजींना बोलवावं लागतं. आमच्या ह्यांनी तीन आठवडे खिडकीत बसून उजेड असेतोवर पेपर वाचला, पण भावाला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांचं हे आधीपासून असंच आहे. माया करायची ह्यांनी आणि बोलून वाईट व्हायचं मी.

तरी हे सगळं चाललं होतं तसं चालू दिलं असतं. पण गेल्या वर्षी आमच्याकडे वस्तू येण्याचा वेग वाढला. आठ महिन्यांत चार हेडफोन आले. पहिल्याचा आवाज बसका होता म्हणे. दुसऱ्यात पडद्याआडून गातायत असं वाटायचं. तिसऱ्यात झांजाच ऐकू येत नव्हत्या. चौथा त्यांनी खोक्यातून काढून एक संध्याकाळ वापरला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीच्या हातात ठेवला. मी चारही कानाला लावून पाहिले. चारही झकास होते. मुलगी खूश, मैत्रिणींना भाड्याने देईन म्हणाली.

शिवाय दर रविवारी येऊन ते स्वयंपाकघरातल्या स्पीकरचा आवाज 'जमवून' जायचे. ते गेले की तो आवाज असा टोकदार लागायचा, की ताटलीवरून सुई ओढावी. मी गुपचूप तो मूळपदावर आणायचे. पुढच्या रविवारी भावजी कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "बघा, पुन्हा बसला. आपोआप बसतो हा. कंपनीची लबाडी आहे सगळी." मी मान हलवायचे. आता वाटतं, तेव्हाच डोकं चालवायला हवं होतं.

माझं डोकं चाललं ते कपडे धुण्याच्या मशीनपाशी. घरातलं हे एकच यंत्र भावजींकडून आलेलं नाही, त्यामुळे ते मुकाट्याने काम करतं. काम संपलं की बारीक आवाजात सहा वेळा पिप् पिप् करतं. इतकं चिवट, की शेजारीण भिंतीपलीकडून सांगते, कपडे झाले हो तुमचे. त्या रविवारी भावजी त्याच मशीनला टेकून चहा पीत उभे होते. मशीन थांबलं, सहा वेळा वाजलं, मी हात पुसून बादली घेऊन आले.

"तुम्हाला कसं कळलं?" भावजी म्हणाले.

"काय?"

"झाले ते."

"वाजलं ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. कप खाली ठेवला. "बझर गेलाय याचा. मागच्या खेपेलाही वाजला नव्हता, मी बोललो नाही. थांबा, पाच मिनिटांचं काम आहे."

त्यांच्या पाच मिनिटांची मला चांगली ओळख आहे. मी काही म्हणायच्या आत मशीन भिंतीपासून पुढे आलं, पिशवीतून पेचकस निघाला, वरचं झाकण उघडलं गेलं. आतल्या हिरव्या पाटीवर शर्टाच्या बटणाएवढी काळी चकती होती, तोच बझर. भावजींनी मशीन चालू केलं, कसलीशी दोन बटणं एकत्र दाबली आणि ते चाचणीसाठी वाजवायला सुरुवात केली. चकती वाजत होती. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली. मी भिंतीला धरून उभी. 

मुलगी तिच्या खोलीतून आली. "काका, बास ना आता. अभ्यास करतेय मी."

"अगं, वाजत नाहीये तेच बघतोय."

"वाजतंय की. मघापासून वाजतंय."

भावजींनी मान वर केली नाही. त्यांनी त्या काळ्या चकतीवर बोटाचं टोक हलकेच टेकवलं आणि दुसऱ्या हाताने पुन्हा बटण दाबलं. चकतीची थरथर बोटाला कळली असावी. बोट तसंच ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. मग झाकण लावलं. सगळे स्क्रू जागच्या जागी बसवले, एकही उरला नाही, असं आमच्या घरात पहिल्यांदाच झालं. मशीन मागे ढकललं आणि चहा अर्धा टाकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला.

"कान दाखवून या, भावजी."

"मला ऐकू येतं. रोज मोटरच्या नुसत्या घरघरीवरून सांगतो मी, कुठलं बेअरिंग गेलंय ते."

"घरघर जाड असते. मी बारीक आवाजाचं म्हणतेय."

"तुम्ही कधीपासून इंजिनियर झालात?"

"फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय मी. तुमच्या भावाशी लग्न केलं म्हणून ते पुसलं गेलेलं नाही."

मला वाटलं ठेवला फोन. मग हळू आवाजात म्हणाले, "महोत्सव तीन आठवड्यांवर आलाय, वहिनी. दाखवलं, आणि ते म्हणाले आता हे सगळं बंद, तर?"

तर असं होतं ते. चार हेडफोनांना नावं ठेवून झाली होती, स्पीकरला झाली होती, माझ्या मशीनला झाली होती, म्हणजे तपासायला बाकी काय उरलंय हे माणसाला ठाऊक होतं. मला राग आला. कीवही आली, पण राग आधी आला, कारण आठ महिने घालवले होते त्यांनी.

"गुरुवारपर्यंत दाखवलं नाहीत," मी म्हटलं, "तर तुम्ही दिलेलं एकूण एक यंत्र मी टेम्पोत भरून तुमच्या दारात आणून ठेवीन. दिव्यांसकट."

त्यांच्या घरात त्यांनाच बसायला जागा नाही. गुरुवारी ते मुकाट्याने माझ्याबरोबर आले.

कान तपासणारी मुलगी पंचविशीची असेल. तिने त्यांना काचेच्या छोट्या खोलीत बसवायला नेलं तर आधी भावजींचा प्रश्न, "या यंत्राचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालंय?" तिने यंत्र फिरवलं आणि मागे चिकटवलेली तारीख दाखवली. गेल्याच महिन्यातली. बहुधा असे लोक तिला रोज भेटत असावेत.

आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं, एवढीच परीक्षा. मी काचेबाहेर बसून त्यांचा अंगठा पाहत होते. सुरुवातीला तो पटापट दाबत होता, शाळेत पुढच्या बाकावरच्या मुलाला सगळी उत्तरं येतात तसा. मग मध्ये वेळ जाऊ लागला. मग अंगठा नुसताच बटणावर तयारीत राहिला. मुलगी तिच्या यंत्रावर एकेक कळ दाबत होती आणि आत भावजी डोळे मिटून, मान तिरकी करून वाट पाहत होते. मी पर्समधला रुमाल काढून उगाच घडी घातली.

बाहेर आल्यावर तिने कागद दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत आडवी आणि मग सरळ खाली.

"लिफ्टचा दोर तुटलाय," भावजी म्हणाले. हसलं कुणीच नाही.

मुलीने नीट समजावून सांगितलं. बारीक आवाज टिपणारा भाग झिजलाय. मोठ्या स्पीकरपुढे वर्षानुवर्षं उभं राहिलं की होतं असं. गेलं ते परत येत नाही, राहिलेलं जपायचं. कानात घालायचं यंत्र लावलं तर बराच फरक पडेल, आणि ते जितकं लवकर तितकं बरं, कारण मेंदूला पुन्हा सवय लागायला वेळ लागतो. भावजींनी एवढंच विचारलं, "महोत्सवाला जाऊ शकतो ना?"

"कानात बोळे घालून. आणि अगदी मागे उभं राहायचं."

मला वाटलं, सुटले. यंत्र म्हटल्यावर हा माणूस उद्या सकाळी दुकानाच्या दारात असेल. पण नाही. आयुष्यात ज्या माणसाने कधी कुठल्या यंत्रासाठी दोन दिवस धीर धरला नाही, त्याने या एका यंत्राचा अभ्यास सुरू केला. चौदा नमुन्यांचा तक्ता केला. कशाची बॅटरी किती, कशातून गाणं सरळ कानात येतं, कशाला पाणी चालतं. रोज मी विचारायचे आणि रोज उत्तर यायचं, "पुढच्या तिमाहीत नवीन मॉडेल येतंय, आत्ता घेणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा." ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. हे म्हणाले, "तुझं ऐकतो तो." हो, दिसतंच आहे.

महोत्सव आला तेव्हा त्यांच्या कानात यंत्र नव्हतं. मागे उभे राहतील यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून माझ्या मुलीचे गमबूट घालून पहिल्या दिवशी मीच बरोबर गेले. दुपार होती. मैदानात गवत कमी आणि चिखल जास्त, आणि बावन्न वर्षांची मी मनगटाला केशरी पट्टा बांधून पाण्याच्या नळाशेजारी उभी. पुढे रंगमंचाला खेटून भावजींची नेहमीची टोळी होती. त्यांनी हात वर करून बोलावलं. भावजींनी कानातल्या बोळ्यांकडे बोट दाखवलं आणि जागचे हलले नाहीत. तेवढं मात्र केलं त्यांनी.

वादकांनी सुरुवात केली. भावजी हनुवटी पुढे काढून ऐकत होते. दुसऱ्या गाण्याला त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"तो मागचा टोपीवाला हात हलवतोय. काय वाजवतोय?"

"बारीक काहीतरी आहे," मी म्हटलं. "किल्ल्यांचा जुडगा हलवल्यासारखं."

"किल्ल्यांसारखं काही नाही या गाण्यात. शेकडो वेळा ऐकलंय मी हे."

"आत्ता तरी आहे."

"एवढ्या गोंधळात तुम्हाला काहीतरी भलतंच..."

"भावजी, मला ऐकू येतंय आणि तुम्हाला येत नाहीये. वाद कसला घालताय?"

बोलून गेले आणि जीभ चावली. ते रंगमंचाकडे बघत राहिले. गाणं आपलं चालूच होतं. टोपीवाला हात हलवतच होता.

मग ते म्हणाले, "कधी येतं ते? प्रत्येक ओळीनंतर?"

"एक सोडून एक."

"आलं की बोट वर करा."

मी बोट वर केलं. ओळ गेली, पुन्हा केलं. आजूबाजूचे लोक माझ्याकडे पाहत होते, त्यांना वाटलं असेल बाई रंगात आली. भावजी रंगमंचाकडे पाहतच नव्हते. ते माझ्या बोटाकडे पाहत होते, आणि ओठांनी मोजत होते. असं एक गाणं संपलं, दुसरं संपलं.

"तुमचं बोट जरा लवकर वर जातंय," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"ठेका ऐकू येतो मला."

मी हात खाली घेतला आणि पाण्याच्या नळाच्या कट्ट्यावर जाऊन बसले. ते माझ्यामागे आले. खिशातून फोन काढला, तक्ता उघडला, खालीवर सरकवला.

"नवीन यायला अजून दोन महिने आहेत," ते म्हणाले.

"असू देत. दोन महिने मी तुमच्यामागे बोट वर करत हिंडणार नाही."

"हे एक सोमवारी मिळेल. पण याची बॅटरी चार तास कमी चालते."

"भावजी."

"आणि रंग एकच आहे."

"भावजी."

त्यांनी सुस्कारा टाकला. "तुम्हाला यातलं काही कळत नाही, वहिनी," असं म्हणत एका जागी अंगठा दाबला. फोन माझ्यासमोर धरला. सोमवार, सकाळी दहा, कान तपासणाऱ्या त्याच मुलीकडे. मी दोनदा वाचून खात्री केली, कारण या माणसाचा भरवसा नाही.

मंचावर टोपीवाल्याने पुन्हा हात उचलला होता. भावजी फोन खिशात टाकून उठले आणि माझी वाट पाहत उभे राहिले.

"चला, बोट," ते म्हणाले. "आणि या वेळी जरा ठेक्यात."

माझा खांदा तेव्हाच भरून आला होता. महोत्सवाचे अजून अडीच दिवस बाकी होते.