दोनदा केलेली दुरुस्ती

मी एकच दुरुस्ती दोनदा केली. पेणच्या बाजारात पोह्याचा पापड तळल्याचा वास आला की अजून तो दिवस आठवतो.

अणुभट्टीतले न्यूट्रॉन मोजणारं यंत्र प्रत्येक न्यूट्रॉननंतर क्षणभर आंधळं होतं. तेवढ्या क्षणात निसटलेले न्यूट्रॉन आपण गणिताने आकड्यात मिळवायचे, हीच ती दुरुस्ती. माझ्यासोबत काम करणाऱ्या रोह्याच्या दिलीपच्या डब्यातला पापड खात मी ते ऐटीत मिळवले आणि साहेबांना आकडा वाचून दाखवला. नव्या गटातली एकमेव जागा आम्हा दोघांपैकी कोणाला, ते त्यावर ठरणार होतं.

शेजारी बसलेला दिलीप शांतपणे म्हणाला, "सर, ती भर आता यंत्रच घालतं. कालच मी ती सोय चालू केली. याने परत घातली."

जागा त्याला मिळाली. माझ्या कागदावर तेवढे तेलकट बोटांचे ठसे उरले.

बाहेर आल्यावर मी भडकलो, "सकाळपासून पापड भरवतोयस, नि एका शब्दानं बोललास नाय?"

हा दगा मी वर्षानुवर्षं रंगवून सांगितला, फक्त त्याचं उत्तर गाळलं. तो म्हणाला होता, "गेल्या वर्षी आपल्या दोघांच्या कामावर तू एकट्याचं नाव टाकलंस, तेव्हा मला विचारलंस काय रे, चोरा?"