माह्या गाठीच्या दोरीचं माप

दुकानाच्या मागं खाली खोके अन् थर्माकोल कसा जमते, पाह्यलं का? रोज फेका, रोज तेवढाच! माह्यापाशी किस्से तसेच जमून राह्यले. बावीस वर्षं झाली मले सलीमभाईच्या दुकानात, राजुऱ्याले. वॉशिंग मशीन, कूलर, फ्रिज उचलाचे अन् लोकायच्या घरी नेऊन बसवाचे. उचलून उचलून पाठ वाकली, पण तोंड सरळ हाय. बसा. चहा सांगा. पैसे तुमीच द्याचे!

पहिले माही दोरी समजून घ्या. मले आकडे येत नाईत. सई कराची म्हणली तर 'मा' काढतो अन् पुढं रेघ वढतो, झाला मारोती! मंग टेप घेऊन काय करू? म्हून सुताची दोरी ठेवली. तिले तीन गाठी. पहिली मशीनच्या रुंदीची, दुसरी कूलरची, तिसरी मोठ्या फ्रिजच्या उंचीची. डिलिव्हरीच्या आधी घरी जाचं, दाराले दोरी लावाची अन् सांगाचं, "बसते" नाईतर "नाई बसत." बावीस वर्षांत एक माप चुकलं नाई. फक्त एक पथ्य, दोरीले पाणी लागू द्याचं नाई. सूत ओलं झालं का आटते. आटलं का माप गेलं! पावसात मी भिजतो, दोरी टोपीत ठेवतो.

*

आता दोरी चुकत नाई, पण मी तिले चुकवू शकतो न!

एक गुरुजी होते. पहिलंच घर बांधलं त्यायनं. दुकानात आले अन् मले म्हणे, "ए बुढ्या, सगळ्यात मोठी मशीन दाखव." ए बुढ्या! शाळेत पोट्ट्यायले काय शिकवत असन हा माणूस?

म्या मशीनची गाठ सोडली अन् चांगली हातभर पुढं बांधली. गेलो, न्हाणीच्या दाराले दोरी लावली. "नाई बसत, गुरुजी!"

गुरुजीनं गवंडी बोलावला, नवीकोरी चौकट काढली, अर्धी भिंत पाडली. मशीन नेली तर दोन्ही बाजूनं बकरी निघून जाईन एवढी जागा! गुरुजी मशीनकडं पाहे, माह्याकडं पाहे.

"एवढी जागा कायले पाहिजे होती रे?"

म्या म्हणलं, "हवा खेळाले पाहिजे न, गुरुजी!"

घरी येऊन सांगतलं तर माहा पोट्टा गजू लोळून लोळून हासला. तेवा तो लहान होता. दोरी घेऊन बसला अन् म्हणे, "बाबा, कोणती गाठ सरकवली? कशी सरकवली?" म्या त्याले सगळं शिकवलं. शिकवाले नोतं पाहिजे.

*

तोच गजू आता चंद्रपूरले कारखान्यात सुपरवायझर हाय. यंदा फ्लॅट घेतला. आमच्या खानदानात पहिलं सिमेंटचं छत! दोन खोल्या मोठ्या, एक बारकी. बारकी दाखवून त्यानं आईले सांगतलं, "आई, हे तुमची दोघायची."

आमी राहतो कोळशाच्या रस्त्याले, भाड्याच्या टिनाच्या खोलीत. ट्रक चालूनच राहतात. माही बायको कौसा कपडे धुते पांढरे, वाळतात काळे. गुडघे गेले तिचे दगडापाशी बसून बसून. तिनं त्याच दिवशी बारक्या खोलीसाठी गोधडी शिवाले घेतली.

पण थांबा, त्याच्या आधी दुसऱ्यायचे सांगतो. दुसऱ्यायच्या किश्श्यात हासाले बरं वाटते.

*

जिवतीकडून नवरा-बायको आले. घरकुल भेटलं होतं, पहिलं पक्कं घर. बाई लय हुशार. मशीनच्या चारी बाजूनं फिरली अन् एकच गोष्ट विचारली.

"या ड्रायरमंदी मोह वाळन का?"

मोहाची फुलं वेचाची, अंगणात वाळवाची, ढोरायपासून, आभाळापासून जपाची. जीव जाते तेच्यात. सलीमभाईनं डोळेही न मिचकवता सांगतलं, "हाव बाई, सब सूखता है!"

आता त्या मशीनचा ड्रायर म्हंजे नुसता गरगर फिरवून पाणी फेकणारा डबा! चार दिवसानं बोलावणं आलं. झाकण उघडलं तर आत मोहाचा लगदा, चिकट, गुळासारखा, अन् वास असा का मलेच चढली! आख्खी दुपार मी चमच्यानं खरवडत बसलो.

ते बाई चहा घेऊन आली. म्हणे, "भाऊ, धुवाले आमच्याकडं नाला हाय. वाळवाले ऊन हाय. तुमच्या मालकाच्या तोंडाले झाकण हाय का?"

म्या मालकाले जसंच्या तसं सांगतलं. चार दिवस बोलला नाई माह्याशी!

*

सिंदेवाहीले एक पोरगी देली होती राजुऱ्याची. बापानं लग्नात फुल ऑटोमॅटिक मशीन देली, आमच्याच दुकानातली. तीन वर्षांनं त्या गावाकडं टेम्पो गेला, म्हणलं पाहून येऊ कशी चालते.

मशीन बैठकीत! वर विणलेलं कव्हर, कव्हरवर देवाचा फोटो, फोटोले हार. प्लास्टिकही काढलं नोतं. म्या झाकण उघडलं. आत गच्च तांदूळ भरलेला!

सासू म्हणे, "उंदीर नाई लागत. लय चांगली मशीन देली तुमी."

"अवो बाई, मंग कपडे?"

सासू माह्याकडं अशी पाह्यली का मीच येडा. "कपडे धुवाले सून हाय न!"

सून मागं दगडावर आपटून राह्यली होती. तिनं मले पाह्यलं. माहेरचा माणूस म्हून हासली. मी पाणी न पिता निघालो.

*

सलीमभाईच्या घरी एकदा कूलर दुरुस्तीले गेलो तर भाभी बादलीत चादरी पिळून राह्यली होती. म्या म्हणलं, "भाभी, दुकानात चाळीस मशीन पडल्या हायेत!"

भाभी म्हणे, "चाचा, बीस साल हो गए शादी को. वो बोलते हैं, सीजन निकल जाने दो."

हा किस्सा म्या घरी येऊन नक्कल करून सांगतला. कौसा कोळशानं काळी झालेली माही सदरा-पँट घासत होती. वर न पाहता म्हणली, "भाभीचा सीजन तरी येते. तुमी काऊन हासून राह्यले?"

*

मंग गजू अन् सुनबाई पल्लवी आले मशीन निवडाले. पोरगी चांगली हाय, खोटं नाई बोलणार मी. कौसालेही आणलं होतं सोबत. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

पल्लवीनं वॉशिंग मशीन पसंत केली अन् सोबत वेगळा ड्रायर. खरा ड्रायर, गरम हवेचा, कपडे कडक वाळवणारा. सलीमभाईनं पहिल्यांदा खरं सांगतलं, "इसमें सचमुच सूखता है."

पल्लवी म्हणे, "आईसाठीच घेऊन राह्यलो आमी. आई आल्या का त्यायनं ओला कपडा उचलूच नये."

कौसाचं तोंड असं फुललं! तिनं ड्रायरवर हात फिरवला, दार उघडलं, आत डोकावली. मंग विचारलं, "ठेवणार कुठी हे?"

गजू म्हणला, "बारक्या खोलीत, आई. तिथंच पॉइंट हाय. तिथंच इस्त्रीचा टेबल, कपड्याचा स्टँड. सगळं एका ठिकाणी."

बारकी म्हंजे तेच, आमची दोघायची! सलीमभाई बिलबुक चाळत बसला. कौसानं दार लावलं ड्रायरचं, हळूच.

"पांढरा घे मंग," ती म्हणली. "त्या खोलीत उजेड कमी हाय."

*

घरी आल्यावर ती चूल पेटवता पेटवता म्हणली, "अवो, तुमची दोरी गुरुजीले खोटं बोलली होती."

"हाव."

"एक खेप माह्यासाठी बोलन का?"

बावीस वर्षं म्या टवाळकीसाठी किती जणायले गंडवलं, मोजले तर दोरी पुरणार नाई. कामासाठी कधी नाई. म्या मशीनची गाठ सोडली अन् हातभर पुढं बांधली.

चंद्रपूरले गेलो. लिफ्टनं वर गेलो. बारक्या खोलीच्या दाराले दोरी लावली. एकदा लावली, दोनदा लावली. तोंड पाडून म्हणलं, "नाई बसत रे, गजू."

गजूनं दोरी हातात घेतली. गाठीवर बोट ठेवलं. अन् हासाले लागला, तसाच, लहानपणीसारखा! "बाबा, गुरुजीची भिंत!"

मीही हासलो. काय करू?

पल्लवीले गुरुजीचं समजलं नाई, पण कायतरी समजलं. म्हणे, "बाबा, आई येतीन तवा ड्रायर बाल्कनीत सरकवू न आमी."

म्या म्हणलं, "पोरी, ते एकट्यानं सरकत नाई. दोन माणसं लागतात."

गजू म्हणला, "मंग येवाच्या आधी फोन करजा, बाबा. मी माणसं बोलावून ठेवीन."

त्या रात्री घरी न जाता दुकानातच झोपलो, अन् दुसऱ्या दिवशी ड्रायर म्याच नेला. म्याच बसवला. एकदम चपखल बसला! ओरखडाही नाई लागला भिंतीले. उरल्या जागेत माणूस उभा राहिन, आडवा नाई होणार.

*

आता हा शेवटचा ऐका. सगळ्यात भारी हाच हाय.

ड्रायर बसवून दुपारी घरी आलो. कौसा धुणं आटपून बसली होती, बादलीत पिळे पडले होते. म्हणली, "बोलली का दोरी?"

"काल बोलली. पकडल्या गेली."

ती हासली. मंग काय मनात आलं कोणास ठाऊक, खाली जमिनीवर सरळ आडवी झाली. पाय जुळवले, हात अंगाले लावले.

"मोजा मले."

"येडी झाली का तू?"

"मोजा म्हणते न! अन् खरं मोजजा."

म्या गाठ पहिले होती तिथं परत बांधली. डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी लावली.

"किती भरली?"

"फ्रिजच्या गाठीले चार बोटं कमी."

"म्हंजे त्या खोलीत मी बसली असती," ती म्हणली.

गुडघ्यावर हात देऊन उठली. "द्या इकडं ते दोरी."

म्या देली. तिनं एक टोक दाराच्या कडीले बांधलं, एक दारातल्या कडूनिंबाले. अन् बादलीतला पहिला ओला पिळा उचलून झटकला.