छापायला हरकत नाही

गंगाधरकाकांवर माझा राग आहे. तो कमी व्हावा असं मला अजून तरी वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांनी आधी माझ्या आईच्या जागी उभं राहून बघावं.

काका आमच्या लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं प्रूफं तपासली. इंग्रजी फॉर्म, कंपन्यांचे अहवाल, लग्नपत्रिका, जे समोर येईल ते. छापखाना बंद पडला, खिशातलं लाल पेन मात्र राहिलं. लग्न केलं नाही. इंग्रजी शब्दांशीच संसार केला, असं चाळीतल्या बायका म्हणतात. कुठलाही शब्द विचारा, तो मूळचा कुठला आणि कोणकोणत्या देशांतून फिरत आला ते काका सांगणार. लहानपणी मी त्यांच्या उंबऱ्यावर बसून हे तासन्‌तास ऐकायची. मला त्यांचं फार कौतुक होतं, खोटं कशाला बोलू?

चाळीची एक पद्धत होती. इंग्रजी कागद आला की तो आधी काकांकडे जायचा, मग तो बँकेचा असो, महापालिकेचा असो की हॉस्पिटलचा. काका दुपारी आईच्या खानावळीत जेवायला यायचे आणि ताटावर बसता बसता म्हणायचे, "ठीक आहे, करा सही." माणूस तिथल्या तिथे सही करायचा. ठीक म्हणजे नेमकं काय, हे साठ बिऱ्हाडांत एकानेही कधी विचारलं नाही.

माझ्या आईचं नाव मालन. संपात बाबांची गिरणी सुटली ती सुटलीच. तेव्हा आईने तळमजल्यावरच्या आमच्या खोलीत चार माणसांना जेवू घालायला सुरुवात केली. आज मसाल्याच्या दुकानांतले हमाल, पार्सल पोचवणारे, परळच्या हॉस्पिटलांत पेशंटपाशी बसलेले गावाकडचे लोक, असे साठ-सत्तर जण रोज दुपारी जेवून जातात. आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. तिला टीव्ही बघवत नाही, देवळात फार वेळ बसवत नाही. समोरचा माणूस पोटभर जेवला की तिला बरं वाटतं, एवढंच तिचं सुख.

गेल्या वर्षी चाळीच्या पुनर्विकासाचं संमतीपत्र आलं. नऊ पानं, बारीक इंग्रजी. वकील लावायची गोष्ट निघाली, तर चाळ कमिटीचा सेक्रेटरी गणपत म्हणाला, "घरात गंगाधर असताना वकील कशाक?" बिल्डरचा माणूस राजेश स्वतः कागद घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढला. काकांनी दोन दिवस दार लावून घेतलं आणि पानापानावर लाल खुणा केल्या. त्या बघून राजेश त्यांच्या पाया पडला. "सर, असं काम आता कोण करतं?" पुढचे चार दिवस काका जमिनीवर नव्हते.

मग चौकात सभा झाली. काकांनी माइक हातात घेतला आणि कागदात काय लिहिलंय ते सोडून कन्सेंट हा शब्द कुठून आला तेच सांगत बसले. मूळ लॅटिन म्हणे. 'कॉन' म्हणजे एकत्र, 'सेंटिरे' म्हणजे वाटणं. सगळ्यांना एकत्र जे वाटतं ती संमती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणाला काय वाटतंय हे कोणी विचारलंच नव्हतं, तरी टाळ्या. मग सह्यांसाठी पंधरा तारखेची डेडलाइन आहे असं राजेशने सांगितलं, तर काकांकडे त्याचीही गोष्ट तयार. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कैद्यांच्या एका छावणीत कुंपणाच्या आतल्या बाजूला एक हद्द आखलेली असायची. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. ती डेडलाइन. गणपतने विचारलं, "म्हणजे सोळा तारखेक आमका गोळी घालतले?" सगळा चौक हसला. राजेशही हसला. मीसुद्धा हसले, आणि त्या हसण्याची मला आज चीड येते. दहा तारखेच्या आत सगळ्या सह्या झाल्या. आईची तर पहिल्याच दिवशी.

यंदा शिमगा झाल्यावर राजेश जागा रिकामी करायची नोटीस घेऊन आला. मोठी पातेली आणि शेगड्या बघून म्हणाला, "मावशी, हे सगळं गावाला पाठवून द्या. अठराव्या मजल्यावर खोली छान मिळणार आहे, पण तिथे खानावळ नाही चालणार."

"मग खाली गाळो द्या," आई म्हणाली.

"खाली पार्किंग आहे. तुमची खोली राहती म्हणून लिहिलीय. सातवं पान बघा."

मी दादरला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. माझं इंग्रजी काही फार मोठं नाही. तरी सातवं पान मला दहा मिनिटांत कळलं. तळमजल्यावरच्या खोल्या राहत्या समजल्या जातील, तिथे चालणारा कोणताही धंदा जागा सोडताच बंद होईल, त्याबद्दल पुढे काहीही मागता येणार नाही. झालं. चाळीस वर्षांच्या चुलीला साडेतीन ओळी.

मी काकांना घेऊन बिल्डरच्या ऑफिसात गेले. काकांनी एवढंच सांगायचं होतं, की हे कोणालाही समजावून दिलं नव्हतं. त्यांनी ते सांगितलंही. राजेशने शांतपणे फाइल उघडली आणि ती नऊ पानं आमच्यासमोर ठेवली, काकांच्या लाल खुणांसकट. सातव्या पानावर, त्याच साडेतीन ओळींत, काकांनी छपाईतली एक बारीक चूक सुधारली होती. आणि शेवटच्या पानाखाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'छापायला हरकत नाही'. खाली सही, तारीख. प्रूफ संपलं की असं लिहून द्यायचं ही त्यांच्या छापखान्याची रीत. छत्तीस वर्षांची सवय, हात आपोआप चालला.

"तुमच्याच माणसाने शब्द न्‌ शब्द तपासून हरकत नाही म्हणून दिलंय," राजेश म्हणाला. "आमचे वकील म्हणतात, हे पान जपून ठेवा."

बाहेर फुटपाथवर मी काकांना नाही नाही ते बोलले. लोक थांबून बघत होते, बघू देत. "त्याच ओळीवर तुमचं पेन टेकलं होतं ना? मग दिसलं कसं नाही?"

"प्रूफ वाचताना अर्थात शिरायचं नसतं, प्राची," ते हळू आवाजात म्हणाले. "अर्थात शिरलं की चुका सुटतात."

छापखान्यात हे खरं असेल. पण आमची चाळ म्हणजे काही प्रूफ नव्हे. आता आम्ही वकील लावलाय, तर तोही म्हणतो की ती लाल शाई आपल्याला जड जाणार.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. दुसऱ्या दिवशी काका जेवायला आले नाहीत, तर तिने गणपतला पाठवून त्यांना खाली आणवलं. खोली गच्च भरली होती. काका नेहमीच्या जागी बसले. आईने त्यांच्यासमोर ताट ठेवलं नाही, आमची नऊ पानं ठेवली.

"वाचा, भावजी. मोठ्यान. मराठीत."

"आधी जेवूक तरी दे," गणपत म्हणाला.

"वाचून होईपर्यंत कोणाक ताट नाय."

काका वाचायला लागले. जन्मभर शब्दांत राहिलेला माणूस एकेका मराठी शब्दासाठी अडत होता. चौथ्या पानावर गणपतने त्यांना थांबवून ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. नवी इमारत कधी बांधून द्यायची, याला कागदात तारीखच नव्हती. डेडलाइन फक्त आमच्यासाठी होती.

सातवं पान आलं. काकांनी त्या साडेतीन ओळी कशाबशा वाचल्या.

"म्हणजे काय?" आईने विचारलं.

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे ही खानावळ, वहिनी. जागा सोडली की संपली."

"गेल्या वर्षी एवढाच सांगूचा होता," आई म्हणाली.

काका रडायला लागले. कोणीही पुढे झालं नाही, मीही नाही. आई हात पुसत त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अजून दोन पानां ऱ्हवली हत," ती म्हणाली. "वाचा."